असर

मराठीत माणसाला घाबरवायचं असलं, की लेखक घाट उतरून कोकणात जातो. पुण्यात बसून लिहिणारा असला तरी ताम्हिणी नाहीतर वरंधा उतरतोच. मग पाऊस, नारळी-पोफळीची वाडी, कौलारू घर, मागची विहीर, आणि त्या घरात कुणीतरी असं, की ज्याच्याविषयी बोलायचं नाही. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ साली सुरू झाली तेव्हा आमच्या घरातही रात्रीची जेवणं आटोपून सगळे टीव्हीसमोर बसत. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला वाडा, घरच्या कर्त्या म्हाताऱ्याचं मरण, त्यानिमित्तानं गोळा झालेली मुलं-सुना, इस्टेटीच्या वाटणीची कुजबुज, आणि मग एकामागून एक भयंकर गोष्टी. तिचा दुसरा भाग २०१९ मध्ये आला, तिसरा २०२१ मध्ये. मधल्या काळात, २०१८ साली, 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट आला. त्यातही कोकणातलाच वाडा, आणि त्यात बांधून ठेवलेली, भुकेली म्हातारी.

हे सगळं आवडीनं पाहताना एक गोष्ट आमच्या लक्षात यायची. या प्रत्येक घराच्या अंगणात तुळशीवृंदावन असतं. गावात गुरव असतो, देवाचा कौल असतो. श्रीवर्धनपासून दापोली, गुहागर, रत्नागिरीपर्यंत खाडीखाडीच्या तोंडाशी मुसलमानांचे मोहल्ले आहेत, मशिदी आहेत, आखातात नाहीतर जहाजावर गेलेल्या माणसांची मोठमोठी घरं आहेत. पण त्या घरांत रहस्यकथा शिरत नाही. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नसतंच, असा कुणाचा समज व्हावा. तो समज खरा असता तर फार बरं झालं असतं.

समुद्रकाठच्या गावातलं घर आणि त्याचं गुपित हा विषय मराठीत नवा नाही. वेंगुर्ल्याच्या मुलखात वाढलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांनी तो साठच्या दशकातच हाताळला. 'कोंडुरा' ही कादंबरी १९६६ सालची. कोंडुरा नावाची समुद्रकाठची जागा वेंगुर्ल्याजवळ आजही आहे. दृष्टान्तावर विश्वास ठेवून दुसऱ्याच्या घरातलं पाप शोधायला निघालेल्या माणसाची ती गोष्ट. श्याम बेनेगलांनी १९७८ मध्ये तिच्यावर चित्रपट केला. 'चानी'मध्ये गोऱ्या साहेबाचं रक्त अंगात असलेली पोर आहे. ती कुणाची हे गावाला ठाऊक आहे आणि म्हणूनच गावाला ती नको आहे. व्ही. शांताराम यांचा 'चानी' १९७७ साली आला, त्यात रंजना होती. वेंगुर्ले तालुक्यातल्याच आरवलीचे जयवंत दळवी. त्यांच्या 'बॅरिस्टर' नाटकात भूत नाही, खून नाही. आपल्या घरात वेड आहे, वडिलांना झालं, भावाला झालं, आता आपल्यालाही होईल, ही एका शिकलेल्या, सभ्य माणसाच्या मनातली भीती आहे. आम्हाला विचाराल तर मराठीतली सगळ्यात भयंकर रहस्यकथा हीच.

आणि आमच्या मोहल्ल्यात शिरलेला एकच लेखक आम्हाला आठवतो, तो हमीद दलवाई. पुण्यात राहणाऱ्यांना त्यांचं नाव १९७० साली इथं स्थापन झालेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळामुळे माहीत असतं, आणि त्या नावावर आमच्या समाजात दोन्ही बाजूंनी आवाज चढतात. त्या वादात आम्ही इथं पडत नाही. पण त्या आधी, १९६५ साली, चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या या लेखकानं 'इंधन' लिहिली. पंधरा वर्षांनी, हृदयाच्या दुखण्यातून उठून आपल्या कोकणातल्या गावी परतलेला एक मुसलमान माणूस, त्याचे वडील, भाऊ, घरातली माणसं, गावातल्या जाती-जमाती, आणि प्रत्येकाला माहीत असलेल्या पण कुणी न उच्चारलेल्या गोष्टी. रहस्य म्हणजे कुणालाच माहीत नसलेली गोष्ट, असं आपण समजतो. 'इंधन' वाचताना कळतं, की गावातलं रहस्य सगळ्यांना माहीत असतं. फक्त ते बोलायचं कुणी नाही, एवढाच करार असतो.

आमच्या घरातही असा करार होता. तो कसा मोडला ते लिहितो आहोत. ज्या व्यक्तीची ही गोष्ट आहे तिनं लिहायला परवानगी दिली आहे. गावाचं नाव लिहायचं नाही, एवढी तिची अट आहे.

आम्ही म्हणजे पुण्यात वाढलेली चार भावंडं. अब्बा आणि चाचा नोकरीसाठी कोकणातून पुण्याला आले आणि कॅम्पात शेजारी शेजारी राहिले. चाचांची एकुलती एक मुलगी आमच्याच वयाची. मे महिन्यात सगळे मिळून गावी जायचे. चिऱ्याचं घर, समोर ओटा, मागं पडवी, पडवीच्या टोकाला एक खोली. तिच्यापलीकडे वाडी आणि वाडीपलीकडे समुद्र. त्या खोलीकडे मुलांनी जायचं नाही. दादी म्हणायची, "उधर असर है." मधल्या फुफीवर असर झाला होता आणि तिनं विहिरीत जीव दिला, आमच्या जन्माच्या सुमारास, असं आम्हाला सांगितलेलं होतं. तेव्हापासून ती जागा भारलेली. लहानपणच्या दोन-तीन सुट्ट्यांत रात्री त्या बाजूनं आवाज यायचा. गुणगुणल्यासारखा, मध्येच थांबणारा. आम्ही सगळी एकाच गोधडीत शिरून आयतल कुर्सी म्हणायचो. जिन्न गातो आहे, हे आमचं ठरलेलं होतं. पुढं एका वर्षी तो आवाज बंद झाला. दादीनं सांगितलं, आमीलानं बंदोबस्त केला.

मोठ्या फुफीकडे इब्ने सफींच्या कादंबऱ्यांची पेटी होती. 'जासूसी दुनिया' आणि इमरान मालिका, पिवळी पडलेली पानं, शिवून घेतलेले अंक. अलाहाबादहून १९५२ साली सुरू झालेली 'जासूसी दुनिया' उर्दू वाचणाऱ्या किती घरांत कितीजणांची पहिली आवड ठरली असेल! आम्ही उर्दू माध्यमात शिकलो, पुढं उर्दू माध्यमातच शिकवू लागलो. पण भाषेची गोडी लागली ती पाठ्यपुस्तकानं नव्हे, या पेटीनं. पावसाच्या सुरुवातीला गावी अडकलो की आम्ही कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद होऊन त्या खोलीची तपासणी करायचो, अर्थात लांबून. चाचांची मुलगी नेहमी फरीदी. तिनं एकदा निष्कर्ष काढला होता, की जिन्नाला उजेड सहन होत नाही, म्हणून खिडकी विटांनी बुजवली आहे. खिडकी खरंच विटांनी बुजवलेली होती.

इब्ने सफींचं खरं नाव असरार अहमद. असरार म्हणजे रहस्यं. देवनागरीत लिहिलं की 'असर' आणि 'असरार' एकाच घरातले शब्द वाटतात. उर्दूत पहिला 'से'नं लिहितात, दुसरा 'सीन'नं. दोघांचा काही संबंध नाही. वर्गात हे सांगताना आम्हाला आमचं घर आठवतं. तिथं मात्र एका शब्दानं दुसरा झाकलेला होता.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं. रायगडात आणि शेजारच्या दापोली-मंडणगडाच्या बाजूला त्यानं किती वाड्या झोपवल्या ते सर्वांना माहीत आहे. पन्नास-साठ वर्षांची नारळाची झाडं आणि सुपाऱ्या काडीसारख्या मोडल्या. आमच्या घराची कौलं उडाली आणि एक फणस पडवीवर कोसळला. टाळेबंदीचे दिवस. ई-पास काढून आम्ही दोघं भावंडं आणि चाचा जुलैत गावी पोचलो. पंचनामा झाला होता. पण घर अजून दादांच्या नावावर आणि दादांना जाऊन अठ्ठावीस वर्षं झालेली. मदतीसाठी वारसांची नावं हवी होती.

फणसानं त्या खोलीचं दार मोडलं होतं. आम्ही आत गेलो. मोठ्या माणसांना घाबरवण्यासारखं काही नव्हतं. एक मोडकी बाज, एक टवके उडालेली चिनीमातीच्या मुलाम्याची थाळी. आणि भिंतीत, जमिनीपासून हातभर उंचीवर, लोखंडी कडी. आमच्यापैकी एकजण म्हणालं, पूर्वी इथं गाय बांधत असतील. पण जमिनीला कोबा होता. गोठ्याला कोण कोबा करतं? चाचा आत आलेच नाहीत. ते ओट्यावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत मृत्यूच्या नोंदी काढल्या. दादांची १९९२. मधल्या फुफीची १९९५.

ज्यांच्याकडे अशा वाटण्या झाल्या आहेत त्यांना या दोन आकड्यांचा अर्थ लगेच कळेल. शरीयतीप्रमाणे बापाच्या आधी वारलेल्या मुलीच्या मुलांना, बापाचे मुलगे हयात असताना, आजोबांच्या मालमत्तेत वाटा येत नाही. पण मुलगी बापाच्या मरणाच्या क्षणी जिवंत असेल, तर तिचा वाटा त्याच क्षणी तिचा होतो, आणि तिच्या मागं तिच्या वारसांचा. घरात सांगितली जाणारी गोष्ट फुफीला १९८९ मध्ये मारत होती. वही तिला १९९५ पर्यंत जिवंत ठेवत होती. म्हणजे आमच्या पहिल्या सुट्ट्यांत, आम्ही गोधडीत शिरून जिन्नाचं गाणं ऐकत होतो तेव्हा, भिंतीपलीकडे आमची फुफी होती.

त्या संध्याकाळी चाचांनी सगळं सांगितलं. फुफीचा नवरा जहाजावर. १९८८ साली तिला मुलगी झाली. आठव्या दिवसापासून तिची झोप गेली. बाळ आपलं नाही, ते बदललं आहे, असं ती म्हणू लागली. मग पाण्यात आवाज ऐकू येऊ लागले. आमील आला, धुनी झाली, तावीज झाले, मिरच्यांचा धूर झाला. एकदा ती बाळाला घेऊन भरतीच्या पाण्यात शिरली. त्या दिवसापासून खोली आणि कडी. नवऱ्यानं तलाक पाठवला आणि मूलही नको म्हणून कळवलं. चाचांना मूल नव्हतं. ते आठ महिन्यांचं बाळ पुण्याला आलं, शाळेत चाचांचं नाव लागलं, आणि ते आमच्याबरोबर वाढलं. रहस्य शोधायला निघालेली आमची फरीदी.

"दादा गेल्यानंतरची ती तीन वर्षं माझ्या मानेवर आहेत," चाचा म्हणाले. "वारसनोंद करायची तर बहिणीचं नाव लागणार, मग ती कुठं आहे असं कुणी विचारणार. म्हणून नोंदच केली नाही."

कुणाला खलनायक ठरवावं? रहस्यकथेला तो लागतोच. आम्ही पुष्कळ शोधला, पण मिळाला नाही. दादी रोज तीन वेळा त्या खोलीत जायची, अंघोळ घालायची, केस विंचरायची. मोठ्या फुफीचं लग्न व्हायचं होतं. घरात वेड आहे असं कळलं असतं तर ते झालं नसतं. असर हा शब्द मात्र चालत होता. असर बाहेरून येतो, तो कुणाच्याही मुलीवर होऊ शकतो, त्यानं खानदान बाटत नाही. आजार आतला असतो. रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालय ब्रिटिश काळापासून आहे. गावाहून एका दिवसाच्या एस.टी.च्या अंतरावर. पण पुण्यात जसं 'येरवड्याला पाठवा' म्हटलं की माणसं हसतात, तसं तिकडे 'रत्नागिरीला पाठवा' म्हटलं की हसतात. हसण्याच्या त्या भीतीनं एक दिवसाचा प्रवास सात वर्षांत झाला नाही.

फुफीला जे झालं त्याला वैद्यकात नाव आहे. बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार. हजार बाळंतिणींमागं एक-दोघींना तो होतो. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो. झोप जाते, संशय येतो, नसलेलं ऐकू येतं, आईच्या आणि बाळाच्या जिवाला धोका असतो. आणि वेळेवर औषध मिळालं तर बहुतेकजणी पूर्ण बऱ्या होतात. बी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्र शिकवलं, मुलाच्या प्रत्येक वयाचे टप्पे पाठ करून घेतले. त्या मुलाच्या आईच्या मनाविषयी एक धडाही नव्हता.

ही माहिती आम्ही काढली त्याला कारण होतं. चाचांची मुलगी तेव्हा गरोदर होती, पाचवा महिना. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत तिला विचारलं होतं, घरात कुणाला मानसिक आजार? तिनं सरळ मनानं 'नाही' म्हणून सांगितलं होतं. ते तिच्या फाइलवर लिहिलेलं होतं. ज्यांच्या आईला हा आजार झालेला असतो त्यांना तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, हे आता आम्हाला माहीत होतं, आणि तिला नव्हतं. रहस्यकथेत घड्याळाची टिकटिक असते म्हणतात. ती आमच्या घरात चार महिने चालली.

पुण्याला परतल्यावर घरातली मोठी माणसं बसली. अम्मी म्हणाली, "गडे मुर्दे क्यों उखाडते हो? अशा दिवसांत बाईच्या मनाला धक्का देऊ नये." मोठ्या फुफीनं दीन पुढं केला. जो दुसऱ्याचा ऐब झाकतो, अल्लाह कयामतीच्या दिवशी त्याचा ऐब झाकेल, ही हदीस आपल्यापैकी प्रत्येकानं मकतबात ऐकलेली आहे. ती खरी आहे आणि सुंदर आहे. शेजाऱ्याच्या घरात डोकावू नये, ऐकलेलं पसरवू नये, हे शिकवणारी आहे. आमच्या समाजात अजून थोडीफार लाज-लिहाज टिकून आहे ती या शिकवणीमुळे.

पण ऐबपोशी ऐबाची असते. आजार हा ऐब आहे का, एवढंच आम्ही विचारलं. आणि दुसरं असं, की त्याच दीनमध्ये नसब लपवायला मनाई आहे. सूरह अहजाबमध्ये पाळलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावानं हाक मारा असा हुकूम आहे. यतीमाला सांभाळणं हे मोठं पुण्य, पण त्याची ओळख पुसणं नव्हे. चाचांना हे बत्तीस वर्षं माहीत होतं. ते खाली बघत होते.

मोठ्या फुफीला पटलं ते मात्र दुसऱ्याच मार्गानं. तिच्या पेटीची आठवण करून देऊन आम्ही विचारलं, इब्ने सफींनी १९६० ते ६३ काहीच का लिहिलं नाही? तिला माहीत होतं. उर्दू वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. त्यांना तीव्र मानसिक आजार झाला होता. जो माणूस दर महिन्याला एक रहस्य उलगडून दाखवायचा, त्याचंच मन तीन वर्षं त्याच्या हाताबाहेर गेलं. घरच्यांनी ते लपवलं नाही. इलाज केला. लोक वाट पाहत राहिले. १९६३ मध्ये 'डेढ मतवाले' घेऊन ते परतले तेव्हा त्या पुस्तकावर दोन्ही देशांत उड्या पडल्या. १९८० साली वारले, तोपर्यंत लिहीत राहिले. फुफी, तेव्हा तुम्ही त्यांची किताब हातात धरायला घाबरलात का? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझी बहीण त्यांच्यापेक्षा सुंदर लिहायची. खत तिच्याकडून लिहून घेत गाव सगळं." तीस वर्षांत बहिणीविषयी तिनं काढलेलं हे पहिलं वाक्य.

आमच्यासारखी घरं थोडी नाहीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी इथं मनोरुग्णांच्या एका खाजगी निवाऱ्याला आग लागली आणि २८ जण जळून मेले. पळता आलं नाही, कारण ते साखळ्यांनी बांधलेले होते. एरवाडी हेही समुद्रकाठचंच गाव, दर्ग्यासाठी प्रसिद्ध. दर्ग्यावर मन्नत मागायला सगळ्या धर्मांची माणसं आपल्या रुग्णांना घेऊन जात, आणि कित्येकजण त्यांना तिथंच सोडून परतत. त्या २८ जणांपैकी प्रत्येकाच्या मागं एक घर होतं, आणि त्या घरात 'तो बाहेरगावी असतो' असं सांगणारं कुणीतरी. त्या आगीनंतर सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. पुढं २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला, २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्यात रुग्णाला साखळीनं बांधायला साफ मनाई आहे. आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला. त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला याच पुण्यात खून झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, मिरच्यांची धुनी देणं हा आता गुन्हा आहे. आमच्या फुफीच्या वेळी हे दोन्ही कायदे नव्हते. असते तरी त्या खोलीपर्यंत कोण घेऊन गेलं असतं? कायदा दारापर्यंत येतो. दार आतल्या माणसानं उघडावं लागतं.

चाचांनीच तिला सांगितलं. आम्ही सगळी बाहेरच्या खोलीत बसून होतो. ती ओरडली नाही, रडलीही नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मग माझा वाढदिवस तरी खरा आहे का?" तो खरा होता. मग म्हणाली, "उन्होंने मुझे कभी देखा?"

उत्तर चाचीनं दिलं. ही गोष्ट चाचांनाही माहीत नव्हती. दर मे महिन्यात गावी गेलं की दादी दुपारी सगळी निजल्यावर मुलीला ओट्यावर खेळायला बसवायची आणि त्या खोलीचं दार बोटभर उघडं ठेवायची. "मई में तू आती तो वो रात को गाती थी," चाची म्हणाली. "बाकी साल चुप रहती थी."

आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

पुढच्या तपासणीला ती डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि फाइलवरचं 'नाही' खोडून घेतलं. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांची गाठ घालून दिली. काय काय दिसलं तर लगेच फोन करायचा, याची यादी आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर लावलेली होती. त्यात पहिलं होतं झोप. नोव्हेंबरात तिला मुलगी झाली. छिल्ल्याचे चाळीस दिवस आम्ही पाळी लावून तिच्याजवळ जागलो. रात्रीचं बाळ आम्ही सांभाळायचं आणि तिनं झोपायचं, एवढाच नियम. मोठी फुफी पहाटेची पाळी मागून घ्यायची.

काहीही झालं नाही. एखादी रहस्यकथा अशी संपली तर वाचक पुस्तक फेकून देईल. आम्ही चाळिसाव्या दिवशी शिरखुर्मा केला.

तिला आम्ही नंतर विचारलं, कळलं नसतं तर बरं झालं असतं का? ती म्हणाली, लहानपणापासून तिला त्या खोलीची जितकी भीती वाटायची तितकी दुसऱ्या कशाची वाटली नव्हती. लग्नानंतरही स्वप्नात ते दार यायचं. आता ते येत नाही. आता स्वप्नात कधी कधी एक बाई येते, केस विंचरलेली, चेहरा दिसत नाही. तिची भीती वाटत नाही.

आपल्या लेखकांना एक सांगावंसं वाटतं. आमच्या मोहल्ल्यांची रहस्यं लिहिली पाहिजेत, आणि ती आपणच लिहिली पाहिजेत. दुसऱ्यानं लिहिली तर बदनामी वाटेल. आपण लिहिताना जिन्न घातला तर तो कोकणच्या वाड्यातल्या भुतासारखाच होईल, पाहणाऱ्याला मजा देणारा आणि घरच्यांना सोडवणारा. भूत आणलं की घराला जबाब द्यावा लागत नाही. म्हणून दळव्यांच्या नाटकाचं मोठेपण आम्हाला आता जास्त कळतं. त्यांनी आजाराला आजार म्हटलं. दलवाईंच्या कादंबरीबद्दलही आमचं तेच म्हणणं. त्यांच्या इतर मतांवर भांडायला आपण मोकळे आहोत, पण घराचं दार आतून उघडण्याचं काम त्यांनी साठ वर्षांपूर्वी केलं. त्यानंतर आपल्यातल्या कितीजणांनी कडीला हात लावला?

पडवीची ती खोली आता नाही. नवी कौलं चढवताना चाचांनी ती पाडून घेतली, भिंतीतली कडी काढून गवंड्याकडे दिली. मदतीची रक्कम आली ती घराच्या आढ्यालाही पुरली नाही. पण त्यासाठी वारसनोंद करावी लागली. फेरफार मंजूर झाला. दादांच्या खाली वारसांच्या रांगेत आता मधल्या फुफीचं नाव आहे. पुढं 'मयत, १९९५'. आणि त्याखाली, तिची वारस म्हणून, तिच्या मुलीचं.